फाटकी पुस्तकं, कोरी पुस्तकं

मार्च लागला की आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पडताळणी निघते. दाखल नोंदवहीतला क्रमांक मोठ्यानं वाचायचा, कपाटातून ते पुस्तक काढायचं, पेन्सिलीनं खूण करायची. वाळवी, उंदीर आणि विसरभोळे सभासद यांच्या तावडीतून काय काय सुटलं, त्याचा हा वार्षिक हिशोब. आत्या इथं एकतीस वर्षं ग्रंथपाल होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी मार्चात तिला बोलावणं येतं. यंदा जानेवारीत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून वरच्या फळ्यांसाठी तिनं मला पुण्याहून धरून आणलं. मी रोज दोन तास बसमध्ये असतो आणि ते दोन तास कानात रहस्यकथा, नाहीतर भयकथा चालू असते. या वाचनालयाचा मी अजून सभासद आहे. वर्गणी आत्या भरते, मला न विचारता.

दुपारपर्यंत बाद करायच्या पुस्तकांचे दोन ढीग झाले. एक फाटलेल्यांचा : पुठ्ठा निखळलेला, शेवटची पानं गायब, कडांना तेलाचे डाग. दुसरा न फाटलेल्यांचा. इथल्या कार्यकारिणीचा जुना ठराव आहे : पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेलं पुस्तक बाद यादीत धरायचं. हा दुसरा ढीग इतका कोरा होता की काही पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली होती. बोलणं तिथूनच सुरू झालं.

मी : आत्या, निकाल समोर आहे. या ढिगात बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर. वाचून वाचून चिंध्या झाल्यात. आणि त्या ढिगात तुझं साहित्य. इस्त्री केल्यासारखं.

आत्या : 'तुझं' कशाला? आणि अर्नाळकरांना मी काही बोलले का? हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली त्या माणसानं. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड नसते, तर या वाचनालयाचं भाडंसुद्धा निघालं नसतं. निम्मे सभासद त्यांनी आणलेत.

मी : मग वादच संपला की. लोकांना काय हवं ते लोकांनी सांगितलं.

आत्या : लोकांनी एवढंच सांगितलं की हे पुस्तक पुष्कळ हातांतून गेलं. एस. टी. स्टँडवरचा बाकही पुष्कळांनी झिजवलेला असतो. तो वाईट नसतो, दमलेल्याला बसायला तोच लागतो. पण झिजलाय म्हणून त्याला कोणी घरी नेत नाही. मी देवघेवीच्या टेबलावर बसून एक वेगळी गोष्ट बघत आले. प्रत्येक पुस्तकाच्या मागे तारखेची चिठ्ठी असते ना, परतीची तारीख आणि सभासद क्रमांक? रहस्यकथेच्या चिठ्ठीवर शंभर क्रमांक दिसतील, पण एकच क्रमांक दोनदा क्वचित. काही पुस्तकांवर क्रमांक थोडे असतात, पण त्यातला एखादा दहा-बारा वर्षांनी पुन्हा येतो. तोच माणूस, तेच पुस्तक. माझ्यापुरती साहित्याची व्याख्या तिथं आहे.

मी : विसरला असेल, आधी नेलं होतं ते.

आत्या : विसरून नेलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत येतं. ही ठेवून घेतात.

मी : बरं, पण 'साहित्यिक कादंबरी' म्हणजे नेमकं काय? मला तरी वाटतं, ज्यात काही घडत नाही आणि मागच्या पानावर पुरस्काराचं नाव असतं, ती.

आत्या : पुरस्कार सोड. एक खून घे. तुझ्या आवडीचा.

मी : घेतला.

आत्या : रहस्यकथा पहिल्या प्रकरणात विचारते, कोणी केला? शेवटच्या प्रकरणात सांगते. मधली सगळी पानं त्या उत्तराकडे पळत असतात. उत्तर मिळालं की पुस्तक मिटलं, झोप चांगली लागते. दुसऱ्या तऱ्हेचा लेखक मात्र त्या घरात चौदाव्या दिवशी जातो. तेरावं झालं, पाहुणे गेले, उसनी आणलेली भांडी परत केली. आता सकाळी चहा किती कप टाकायचा? नेहमीच्या सवयीनं एक कप जास्त झाला तर तो कोण पितो? या लेखकाला हे बघायचं असतं. खुनी कोण हे त्याला ठाऊक असेलही, पण त्याचं कुतूहल तिथं नाही.

मी : वाक्य छान आहे. पण एका कप चहावर तीनशे पानं कोण वाचणार?

आत्या : तीनशे कशाला? दि. बा. मोकाशींची 'आता आमोद सुनासि आले' ही कथा एका बैठकीची आहे. मुलगा गेलेला एक लोहार आणि बाहेर कोसळणारा पाऊस. सुमित्रा भाव्यांनी तिच्यावरून 'दिठी' हा चित्रपट केला. मुलगा कसा गेला, यात लपवाछपवी काही नाही. हा माणूस उद्या भाता कसा फुंकणार, एवढंच आहे. तू श्वास धरून वाचशील.

मी : म्हणजे तिथंही 'पुढे काय' आहेच. मग गोष्ट रंगवून सांगण्याला तुम्ही लोक नाकं का मुरडता? 'कोसला' दोनदा हातात घेतली मी. दोन्ही वेळा साठ पानांवर सोडली. पांडुरंग सांगवीकर खोलीवर बसतो, मित्रांशी टवाळक्या करतो, वडिलांचे पैसे उडवतो. मी वाट बघतोय, आता काहीतरी होईल.

आत्या : तू बसथांब्यावर उभं राहिल्यासारखा वाचत होतास.

मी : मग कसं वाचायचं?

आत्या : मोठ्यानं. दहा पानं मोठ्यानं वाच. नेमाडे पंचविशीत होते ती आली तेव्हा, १९६३ साली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला मुलगा जसा बोलेल, तशी ती पानांमागून पानं बोलते. कधी लांबण लावते, मध्येच हिशोबाची वही मांडते, स्वतःचीच टिंगल करते. त्याआधीच्या कादंबऱ्यांतले नायक आरशासमोर उभं राहिल्यासारखे बोलायचे. हा तोंडात येईल ते बोलतो. आणि तू साठ पानांवर सोडलीस म्हणजे मनीपर्यंत पोचलाच नाहीस. त्याची धाकटी बहीण. ती जाते तिथं तो टिंगल करूच शकत नाही. तेव्हा तुला कळतं, आधीची सगळी टवाळी कशासाठी होती. साठ पानं तो तुझ्याशी उगाच बोलत नव्हता, तुझ्याशी ओळख करून घेत होता. अनोळखी माणसाच्या घरचं मरण पेपरातल्या बातमीसारखं असतं.

मी : ठीक. पण हे मला कोणी आधी सांगितलं नाही. लेखकानंही नाही. वाचकाला पान उलटावंसं वाटलं नाही, तर अर्धी चूक लेखकाची, हे तरी कबूल कर.

आत्या : कबूल. मराठीत काही कादंबऱ्या खरोखरच कंटाळवाण्या आहेत आणि आम्ही त्यांना 'प्रयोगशील' म्हणून माफ करत आलो. त्या ढिगात त्यातल्याही दोन-चार आहेत. नावं सांगणार नाही.

मी : आता माझा खरा मुद्दा. हे 'साहित्यिक' लेबल लावतं कोण? अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेलेले. 'फकिरा' १९५९ ची. मजुरांनी, गावागावांतल्या माणसांनी ती वाचली. आणि समीक्षक? किती वर्षं त्यांना 'लोककलावंत' म्हणून बाजूला बसवलं. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' 'कोसला'च्याच वर्षी आलं, १९६३ ला. कॉलेजात आम्हाला 'कोसला' सगळ्यांनी सुचवली, बागुलांचं नाव एकानंही घेतलं नाही. भाऊ पाध्यांनी 'वासूनाका'त मुंबईच्या नाक्यावरची भाषा जशीच्या तशी आणली, तर अश्लील म्हणून गदारोळ. आज हे सगळे अभ्यासक्रमात. मग लेबलाची किंमत काय राहिली?

आत्या : (चष्मा पुसत) इथं मी तुझ्याशी भांडणार नाही. लेबल लावणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, एका वस्तीतले, एका तऱ्हेचं मराठी बोलणारे होते. मीही या वाचनालयात 'फकिरा' बरीच वर्षं सामाजिक कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवली आणि खांडेकर 'ललित'मध्ये. का, ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

मी : म्हणजे लेबल फेकून द्यायचं.

आत्या : लेबल फेक, फरक फेकू नकोस. एस. टी.वरची पाटी चुकीची असली म्हणून रस्ते एक होत नाहीत. आणि हा फरक आपल्याकडे पहिल्यापासून आहे. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, विधवांचे हाल दाखवायला. चार वर्षांनी हळब्यांची 'मुक्तामाला' आली, संकटांची, अद्भुत योगायोगांची. तुझं-माझं भांडण तेवढं जुनं आहे. नेमाड्यांनी तर मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना याच पुस्तकांची नावं घेतली, आणि तिसरी गुंजीकरांची 'मोचनगड', इतिहासात रमणारी.

मी : आणि ज्या दोन्हींत बसतात त्या? हरिभाऊ आपटे?

आत्या : बरोबर बोललास. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली. नावच करमणूक. पुढच्या अंकाची लोक वाट बघायचे, तुझ्या मालिकांसारखी. आणि आत काय? यमू नावाची बाई आपलं आयुष्य स्वतःच्या तोंडानं सांगते. हरिभाऊंनी एका बाईच्या आवाजात सबंध कादंबरी लिहिली त्या काळात. गोष्टीची ओढ आणि माणसाचं दुःख एका ताटात. त्या दोन गोष्टींचं वैर आहे, असं मी कधीच म्हटलं नाही.

मी : तसं बघितलं तर 'स्वामी', 'मृत्युंजय' या सगळ्या महाराष्ट्रानं वाचल्यात. 'स्वामी'ला तर अकादमीचा पुरस्कार. त्या कुठल्या ढिगात?

आत्या : इथं मजा आहे. 'स्वामी' १९६२ ची, 'कोसला' १९६३ ची. दोन्ही पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढल्या. एकच प्रकाशक, वर्षभराचं अंतर. एकीत पेशवाईचा शनिवारवाडा, दुसरीत कॉलेजच्या होस्टेलची खोली. 'स्वामी' वाचताना मी रडले आहे, खोटं कशाला बोलू? पण तिथं कुठं रडायचं ते लेखक मला सांगतो. माधवराव थोर आहेत, रमाबाई साध्वी आहेत, शंकेला जागा नाही. 'कोसला'त पांडुरंगाबद्दल काय वाटून घ्यायचं, ते कोणी सांगत नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो आवडला. चाळिशीत वाचली तेव्हा त्याच्या वडिलांची बाजू दिसायला लागली. पुस्तकातला एक शब्द बदलला नव्हता.

मी : तू बदललीस.

आत्या : आणि पुस्तकात तेवढी जागा होती. मला तरी एवढाच फरक कळलाय. काही पुस्तकं तुमच्या वाटचं सगळं आधीच करून ठेवतात. काही पुस्तकं थोडं काम तुमच्यासाठी सोडतात. पहिल्या तऱ्हेचं वाचून विसावा मिळतो, दुसऱ्या तऱ्हेचं वाचून थकवा येतो. नांगरल्यावर येतो तसा.

मी : कामावरून थकून आलेल्या माणसाला तू आणखी थकवा देतेस.

आत्या : म्हणून रोज वाच असं म्हणत नाही. बसमध्ये तुझे धारप ऐक. रविवारची सकाळ मला दे.

मी : बरं, दिली. काय वाचू? पण यादी नको. यादी बघितली की मला परीक्षा आठवते.

आत्या : यादी नाही, दारं सांगते. तुला ज्यातून आत जाता येईल ते. भयकथा आवडतात ना? मग जी. ए. कुलकर्ण्यांची 'स्वामी' वाच. देसायांची ती कादंबरी नव्हे, कथा. 'पिंगळावेळ' संग्रहात आहे. एक प्रवासी एका मठात मुक्कामाला जातो. पुढचं सांगत नाही. तुझ्या धारपांचे समर्थ ज्या भुतांना पळवतात, त्यांतलं एकही त्यात नाही, पण नंतर दार लावून झोपताना दोनदा विचार करशील. फक्त जी. ए. एका दमात वाचू नकोस. आठवड्याला एक कथा. धारवाडला राहून इंग्रजी शिकवणारा, लोकांत न मिसळणारा माणूस. 'काजळमाया'ला अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांनी परत केला. तसा माणूस घाईत भेटत नाही.

मी : गंमत बघ. 'तुंबाड' सिनेमा मी चार वेळा बघितला. त्याच्या कल्पनेचं मूळ धारपांच्या कथेत आहे.

आत्या : आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. बघ, तुझ्या आवडत्या सिनेमानं दोन्ही ढिगांतून उचललंय. पेंडशांची ती कादंबरी १९८७ ची, दोन जाडजूड खंड, कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्या. वेबमालिकेचे तीन-तीन हंगाम बसून बघतोस, तुला ती जड जाणार नाही. तिथं भूत घराबाहेरचं नाही, रक्तात आहे.

मी : लहान सांग आधी.

आत्या : विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. दोन-तीन बैठकांत संपेल. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू, एक मराठी तरुण आणि हॅर्टा. महायुद्ध दारात असताना लिहिलेली. शेवटी...

मी : नको, शेवट सांगू नकोस!

आत्या : बघ. मला तो शेवट एकोणिसाव्या वर्षापासून माहीत आहे. तरी दर खेपेला बोट मुंबईला लागायच्या आधीच्या पानांवर मी हळू वाचायला लागते. जणू मी हळू वाचलं तर बोट हळू जाईल. शेवट फोडून तुझ्या रहस्यकथेचं काय उरतं?

मी : चांगल्या रहस्यकथेचं उरतं. खुनी माहीत असला तरी लेखकानं खुणा कशा पेरल्या हे दुसऱ्यांदा दिसतं. तेव्हा वाचक लेखकाच्या हातांकडे बघतो. तू म्हणतेस तेच की हे.

आत्या : ...हं. हे मी कधी असं बघितलं नव्हतं. चल, अर्धा गुण तुला.

मी : पूर्ण दे.

आत्या : अर्धाच. पुढचं दार. बेडेकरांच्या घरातच आहे ते. त्यांच्या पत्नी मालतीबाई. लग्नाआधी १९३३ मध्ये त्यांनी 'विभावरी शिरूरकर' या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' काढलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं. केवढी खळबळ झाली, ही विभावरी कोण म्हणून. ते वाच आणि मग गौरी देशपांड्यांचं 'एकेक पान गळावया'. त्या दोन पुस्तकांमधल्या काळात मराठी बाई काय बोलायला शिकली ते कळेल. तुझ्या लग्नाचं बघतायत ना घरी? त्याआधी वाच.

मी : विषय बदलू नकोस.

आत्या : मग शाळेत परत जा. मिलिंद बोकिलांची 'शाळा'. नववीतला मुकुंद, वर्गातली ती मुलगी आणि मागे आणीबाणी. ती तुला ढकलावी लागणार नाही, ओढून नेईल. त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५. एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा भरवतो, गाव मिळून तालीम बांधतं. मग पाऊस दडी मारतो आणि माणसं मेंढरं घेऊन वाट फुटेल तिकडं जातात. गोष्ट एवढीच. माडगूळकर एक शब्द जास्त वापरत नाहीत. दुष्काळावर भाषण नाही. वाडी रिकामी होते आणि तुला वाटतं, आपल्याच घराला कुलूप लागलं.

मी : सगळी जुनी नावं. आजचं कोणी लिहीत नाही का?

आत्या : लिहितात, इथले लोक नेत नाहीत. जयंत पवारांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' त्या कपाटात आहे. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातल्या माणसांचं काय झालं, ते त्या कथांत दिसतं. सदानंद देशमुखांची 'बारोमास' आहे, शिकून शेतीत अडकलेल्या मुलाची. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'मध्ये धरणानं उठवलेली माणसं आहेत आणि मागे राहिलेली एक म्हैस. तिला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला. आणि पुन्हा जुनंच एक : वऱ्हाडी कानावर पडलेली नसली तर उद्धव शेळक्यांची 'धग' घे, १९६० ची. कौतिक संसार धरून ठेवते आणि तो तिच्या मुठीतून निसटत जातो. पहिली वीस पानं भाषा अडेल. विसाव्या पानानंतर ती कौतिकचीच भाषा वाटेल, वऱ्हाडी वाटणार नाही.

मी : अडली की सोडायची मुभा आहे ना?

आत्या : आहे. नियम तीनच. पहिला, प्रस्तावना शेवटी वाचायची. प्रस्तावना लिहिणारा आधी वाचून बसलेला असतो, तो तुझं कुतूहल खातो. दुसरा, तात्पर्य शोधायचं नाही. शाळेनं आपल्याला गोष्टीच्या शेवटी तात्पर्य काढायला लावलं आणि गोष्ट वाया घालवली. तिसरा, पन्नास पानांनंतर जमलं नाही तर परत आणून द्यायचं, लाज न बाळगता. पाच वर्षांनी पुन्हा बघायचं.

मी : आणि तरीही नाही जमलं तर?

आत्या : तर ते तुझं पुस्तक नाही. माझं पण प्रत्येक नाही.

आत्या पाणी प्यायला उठली. तिचा तो चिठ्ठीचा दावा माझ्या डोक्यात राहिला होता. मी 'बनगरवाडी' काढली. चिठ्ठी भरलेली होती आणि एक क्रमांक खरंच दोनदा होता, मध्ये चौदा वर्षं. म्हणजे ती थापा मारत नव्हती. मग मी कोऱ्या ढिगाकडे वळलो. बऱ्याच चिठ्ठ्या रिकाम्या. एक मात्र नव्हती : बा. सी. मर्ढेकर, 'रात्रीचा दिवस', मूळ कादंबरी १९४२ ची. आत्या परत येईपर्यंत मी त्या चिठ्ठीवरच्या तारखा दोनदा वाचल्या.

मी : आत्या, हे बाद यादीत कसं? याला तर एक भक्त आहे. सभासद क्रमांक सतरा. सहा वेळा.

आत्या : ठेव ते खाली. धूळ आहे.

मी : थांब. फेब्रुवारी १९९४. फेब्रुवारी १९९९. फेब्रुवारी २००४. फेब्रुवारी २००९. मग एकच परका क्रमांक, जुलै २०११. त्यानंतर पुन्हा सतरा, फेब्रुवारी २०१६. आणि फेब्रुवारी २०२१.

आत्या : आवडत असेल कोणाला.

मी : दर पाच वर्षांनी? नेमकं पडताळणीच्या आदल्या महिन्यात? आणि २०११ मध्ये दुसऱ्या कोणी नेलं, तर पुढची पाच वर्षं तिथून मोजली. हा वाचक नाही, आत्या. याला कार्यकारिणीचा ठराव पाठ आहे. आणि यंदाचा फेब्रुवारी चुकला, कारण जानेवारीत त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

आत्या : (बराच वेळ काही न बोलता) अर्नाळकर वाचल्याचा फायदा झाला म्हणायचा.

मी : तूच म्हणालीस ना, तोच माणूस, तेच पुस्तक, ती व्याख्या!

आत्या : व्याख्या बरोबर आहे. हा पुरावा खोटा आहे. मी ते एकदाच वाचलं, कॉलेजात. संज्ञाप्रवाह की काय म्हणतात, माणसाच्या डोक्यात जसं चालतं तसं लिहिलेलं. निम्मं डोक्यावरून गेलं. पण मराठीत कोणीतरी असं करून बघितलं होतं, हे ठाऊक असणं मला बरं वाटायचं. रद्दीत जाऊ द्यायला हात होईना.

मी : आणि जुलै २०११?

आत्या : बी. ए.चा एक मुलगा होता. दोनदा मुदत वाढवून घेतली.

मी : आवडलं त्याला?

आत्या : विचारलं नाही. देवघेवीच्या टेबलावरून ते विचारायचं नसतं. परत करताना त्यानं पुठ्ठ्याला ब्राऊन पेपर घातलेला होता.

मी : एका वाचकासाठी तीस वर्षं. आणि या फाटक्या ढिगाला शंभर वाचक मिळूनही तो रद्दीत.

आत्या : फाटक्यांच्या नव्या प्रती मिळतात. न मिळणाऱ्या तीन मी बाजूला काढल्यात, बांधणीला द्यायला. तुझ्या धारपांची एक आहे त्यात. बघितलं नाहीस तू.

मी बघितलं. टेबलाखाली सुतळीनं बांधलेली तीन पुस्तकं होती, चिठ्ठीवर 'बांधणी' असं तिच्या अक्षरात. मी मर्ढेकर तिच्यापुढे सरकवले.

मी : हे माझ्या नावावर टाक.

आत्या : वाचणार आहेस?

मी : ते माहीत नाही. पण २०३१ पर्यंतची सोय झाली.

तिनं शिक्का शाईत बुडवला, तारीख लावली आणि सतराच्या खाली माझा क्रमांक लिहिला. न बघता. पाठच होता तिला.